परतवलेला गोळा

मधली सुट्टी संपते. आपण वर्गात शिरत असतो आणि मुलांच्या गप्पांचे शेपूट आपल्या कानावर पडते. एकजण कावून म्हणत असतो, "किती वार केले रे, तो मरतच नाही!" दुसरा जाणत्याच्या थाटात सांगतो, "वार करूच नकोस. तो जो गोळा फेकतो ना, तोच त्याच्यावर परत मार." आपल्याला पाहून दोघे गप्प होतात. आपण खडू हातात घेतो आणि धडा सुरू होतो.

हा संवाद व्हिडिओ खेळाबद्दलचा असतो, हे सांगायला नकोच. साहसकथेवर बेतलेल्या या खेळांत नायक जंगले, गुहा, किल्ले पार करत जातो. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक भला थोरला शत्रू त्याची वाट अडवून उभा असतो. मुले त्याला 'बॉस' म्हणतात. या बॉसला हरवण्याच्या अनेक युक्त्यांपैकी एक फार जुनी आणि फार लाडकी युक्ती म्हणजे त्याचे अस्त्र त्याच्यावरच उलटवणे. आपल्याकडे भस्मासुराची गोष्ट ठाऊक नाही असा विद्यार्थी विरळाच. त्यामुळे ही कल्पना आपल्याला नवी वाटत नाही. पण पडद्यावरच्या खेळात ती आली कुठून? हा प्रश्न धरून मागे मागे जाऊ लागलो, तर आपण थेट एका अणुसंशोधन प्रयोगशाळेत जाऊन पोहोचतो. हा प्रवास पाहण्यासारखा आहे.

क्षेपणास्त्राच्या मार्गातून चेंडू

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंड येथे ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. 1958 साली तेथे विल्यम हिगिनबोथम हे भौतिकशास्त्रज्ञ उपकरण विभागाचे प्रमुख होते. प्रयोगशाळा वर्षातून काही दिवस सामान्य लोकांना पाहण्यासाठी खुली असे. लोक येत, भिंतीवरचे तक्ते आणि बंद पडून असलेली यंत्रे बघत, जांभया देत आणि निघून जात. विज्ञान प्रदर्शन भरवणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला हे दुखणे समजेल! पाहुण्यांच्या हाताला काहीतरी काम दिले पाहिजे, असे हिगिनबोथम यांना वाटले.

प्रयोगशाळेत एक छोटा सदृश संगणक होता. आजचे संगणक अंकांवर काम करतात. सदृश संगणक विद्युतदाबाच्या चढउतारावर काम करतो. एखादी राशी वाढली की दाब वाढतो, घटली की घटतो. या संगणकासोबत आलेल्या माहितीपुस्तिकेत बंदुकीची गोळी, क्षेपणास्त्र आणि उसळता चेंडू यांचे मार्ग पडद्यावर कसे उमटवावेत, हे दिले होते. गुरुत्वाकर्षण आणि हवेचा रोध यांचा हिशेबही त्यात होता. तिन्ही वस्तूंचे गणित मुळात एकच. हिगिनबोथम यांनी त्यातला चेंडू निवडला.

ऑसिलोस्कोपच्या सुमारे 5 इंच व्यासाच्या गोल पडद्यावर एक आडवी रेघ म्हणजे मैदान, मध्ये एक बुटकी उभी रेघ म्हणजे जाळे आणि एक ठिपका म्हणजे चेंडू, असा हा टेनिसचा खेळ होता. दोन्ही खेळाडूंच्या हातात एकेक डबी. तिच्यावरची खुंटी फिरवून कोन ठरवायचा आणि बटण दाबून चेंडू परतवायचा. रॉबर्ट ड्वोरॅक या तंत्रज्ञाने सुमारे तीन आठवडे खपून जोडणी पूर्ण केली. ऑक्टोबर 1958 मध्ये हा खेळ लोकांसमोर मांडला तेव्हा खेळायला रांगा लागल्या. पुढच्या वर्षी पडदा मोठा झाला आणि चंद्रावरील किंवा गुरूवरील गुरुत्वाकर्षणात चेंडू कसा उडेल, हेही खेळून पाहण्याची सोय झाली. त्यानंतर यंत्र मोडून त्याचे भाग दुसऱ्या कामांना वापरले गेले. हिगिनबोथम यांनी एकस्व घेतले नाही. यात काही विशेष आहे असे त्यांना वाटलेच नव्हते.

या माणसाची दुसरी ओळख सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. दुसऱ्या महायुद्धात हिगिनबोथम अणुबॉम्बच्या प्रकल्पावर लॉस अलामोस येथे इलेक्ट्रॉनिक्सचे काम करत होते. युद्ध संपल्यावर अण्वस्त्रांच्या प्रसाराविरुद्ध उभ्या राहिलेल्या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या महासंघाचे ते पहिले अध्यक्ष झाले. 1994 साली ते वारले. आपली आठवण राहावी ती अण्वस्त्रप्रसार रोखण्याच्या कामासाठी, अशी त्यांची इच्छा होती, असे त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितले आहे. जगाला मात्र त्यांचा टेनिसचा ठिपकाच अधिक लक्षात राहिला.

परतवण्याचा धंदा

1972 साली दोन गोष्टी घडल्या. राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून तयार झालेले 'मॅग्नाव्हॉक्स ओडिसी' हे घरच्या दूरदर्शन संचाला जोडायचे खेळयंत्र बाजारात आले. त्यात चेंडू परतवण्याचा खेळ होता. त्याच वर्षी नोलन बुशनेल यांच्या 'अटारी' या नव्या कंपनीत अॅलन अल्कॉर्न नावाचा तरुण अभियंता रुजू झाला. बुशनेल यांनी ओडिसीचे प्रात्यक्षिक पाहिले होते. त्यांनी अल्कॉर्नला सराव म्हणून तसाच एक खेळ बनवायला सांगितले. तो 'पाँग'. पहिले यंत्र सनीव्हेल गावातील एका मद्यगृहात ठेवले आणि काही दिवसांतच ते बंद पडले. तपासायला गेले तर नाण्यांचा डबा गच्च भरला होता! पुढे मॅग्नाव्हॉक्सने अटारीवर दावा लावला आणि 1976 साली तो तडजोडीने मिटला.

पाँगमध्ये प्रोग्रॅम नव्हता, सूक्ष्मप्रक्रियकही नव्हता. सारे काम इलेक्ट्रॉनिक मंडलांच्या जोडणीतून होई. अल्कॉर्नने त्यात तीन गोष्टी घातल्या. त्या पुढच्या सगळ्या इतिहासाला पुरल्या.

पहिली गोष्ट कोनाची. आपण शिकवतो की आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात. पाँगच्या फळीने हा नियम पाळला असता तर चेंडूचा मार्ग आधीच ठरून गेला असता. खेळाडूला निवड उरली नसती. अल्कॉर्नने फळीचे आठ भाग कल्पिले. मधल्या भागावर आदळलेला चेंडू सरळ परत जाई, कडेच्या भागावर आदळलेला तिरका जाई. आरशाचा नियम मोडला तेव्हा कुठे खेळ तयार झाला.

दुसरी गोष्ट वेगाची. चेंडूची देवाणघेवाण लांबत गेली की चेंडूचा वेग वाढे.

तिसरी गोष्ट खरे तर एक दोष होता. मंडलातील उणिवेमुळे फळी पडद्याच्या अगदी वरच्या कडेपर्यंत पोहोचत नसे. अल्कॉर्नने तो तसाच राहू दिला. दोन तरबेज खेळाडू भिडले तर डाव कधीतरी संपला पाहिजे ना!

चेंडूची झाली गोळी

1976 साली अटारीने 'ब्रेकआउट' हा खेळ काढला. यात समोरच्या खेळाडूच्या जागी विटांची भिंत होती. भिंतीवर चेंडू मारायचा, तो परत आला की पुन्हा मारायचा. गल्लीतला एकटा मुलगा घराच्या भिंतीशी असाच खेळतो. जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांना हा खेळ फार आवडला. विटांच्या जागी चालून येणारे शत्रू ठेवले तर? या विचारातून 1978 साली 'टायटो' कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' आला. यात विटा चालू लागल्या आणि गोळ्याही झाडू लागल्या.

येथे एक मोठा बदल झाला. टेनिसमध्ये समोरून येणारा चेंडू ही संधी असते. स्पेस इन्व्हेडर्समध्ये समोरून येणारी गोळी ही केवळ आपत्ती झाली. ती चुकवायची किंवा आडोशाला लपायचे. आपली गोळी वेगळी, शत्रूची वेगळी. पुढची कित्येक वर्षे पडद्यावरच्या बहुतेक लढाया अशाच चालल्या. हिगिनबोथम यांनी गोळीचे गणित घेऊन चेंडू केला होता. वीस वर्षांत चेंडूची पुन्हा गोळी झाली.

क्योतोची शाखा

जपानमधील क्योतो शहरात 1889 पासून पत्ते बनवणारी 'निन्तेन्दो' ही कंपनी आहे. 1977 साली तिने घरगुती खेळयंत्रांच्या धंद्यात उडी घेतली, ती टेनिसचेच प्रकार असलेली यंत्रे घेऊन. त्याच वर्षी शिगेरू मियामोतो हा औद्योगिक रचनाशास्त्र शिकलेला तरुण कंपनीत दाखल झाला. 1979 साली निन्तेन्दोने ब्रेकआउटच्या धर्तीवर विटा फोडण्याचे यंत्र काढले. त्याच्या बाहेरच्या पेटीची रचना मियामोतो यांनी केली. म्हणजे चेंडू परतवण्याच्या खेळाशी त्यांचा संबंध अगदी उमेदवारीपासूनचा.

1986 साली मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा साहसखेळ आला. त्यातील 'लिंक' या नायकाच्या हातात तलवार आणि ढाल आहे. समोरून आलेले दगड आणि बाण ढालीवर आदळून वाया जातात. पण ते फेकणाऱ्याला काही इजा होत नाही. ढाल अजून निव्वळ बचावाची होती.

शत्रूने फेकलेली वस्तू त्याच्यावर उलटवण्याचा एक ढोबळ प्रकार निन्तेन्दोच्याच 1988 सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स 2' मध्ये दिसतो. त्यात बर्डो नावाचा प्राणी तोंडातून अंडी फेकतो. खेळाडूने उडत्या अंड्यावर उडी मारून उभे राहायचे, ते उचलायचे आणि बर्डोवर फेकायचे. अशी तीन अंडी लागली की तो हरतो. मात्र हे झेलून फेकणे झाले, टोलवणे नव्हे.

टोलवणे आले 1991 साली. 'अ लिंक टु द पास्ट' या झेल्डा मालिकेतील तिसऱ्या खेळात अगानिम नावाचा मांत्रिक आहे. त्याच्यावर तलवारीचा सरळ वार चालत नाही. तो हातातून तेजाचा गोळा सोडतो. नेमक्या क्षणी तलवार फिरवली तर गोळा उलट फिरतो आणि त्यालाच लागतो. पण त्याची सारी अस्त्रे अशी नसतात. कधी तो लहान गोळ्यांचा झुबका सोडतो. तो टोलवायला गेलो तर फुटून चहूकडे पांगतो. कधी वीज सोडते वेळी तो वर जाऊन उभा राहतो. तेव्हा बाजूला सरकणे हेच शहाणपण. कोणता गोळा परतवायचा आणि कोणता चुकवायचा, हे ओळखणे हीच येथली परीक्षा. गंमत अशी की फुलपाखरे पकडण्याच्या जाळीनेही मांत्रिकाचा गोळा परतवता येतो! नायकाच्या हातातील शस्त्र किती भारी आहे यापेक्षा त्याने ते कधी फिरवले, याला येथे महत्त्व आहे.

खेळ कसा शिकवतो?

1998 साली आलेला 'ऑकारिना ऑफ टाइम' हा याच मालिकेतील खेळ शिक्षकांनी मुद्दाम अभ्यासावा असा आहे. टोलवण्याचा हा एकच धडा त्यात चढत्या पायऱ्यांनी कसा दिला आहे, ते पाहा.

पहिली पायरी अगदी सुरुवातीला येते. झुडपासारखा एक बुटका प्राणी नायकावर टणक बिया थुंकतो. नायकाने ढाल समोर धरून नुसते उभे राहायचे. बी ढालीवर आपटून परत जाते आणि त्या प्राण्यालाच लागते. यात वेळ साधण्याचे कौशल्य फारसे लागत नाही आणि चुकले तरी नुकसान थोडे. हरलेला प्राणी एक गुपित सांगतो. पुढे याच जातीचे तीन भाऊ भेटतात. त्यांना आधी दुसरा, मग तिसरा, मग पहिला अशा क्रमाने हरवावे लागते. तंत्र तेच, त्यात क्रमाची भर पडली.

दुसरी पायरी जंगलातील मंदिरात येते. तेथे घोड्यावर बसलेले एक भूत चित्रांच्या चौकटीतून बाहेर येते. आधी ते बाणांनी खाली पाडायचे. मग ते तेजाचे गोळे फेकू लागते. नायकाने गोळा तलवारीने परतवला तर भूतही तो परतवते. गोळा पुन्हा नायकाकडे येतो. कोणीतरी चुकेपर्यंत हे चालू राहते. खेळाडू याला सरळ 'टेनिस' म्हणतात. ब्रुकहेवनचा तो ठिपका चाळीस वर्षांनी अशा रीतीने घरी परतला!

तिसरी पायरी एका वाळवंटातील मंदिरात आहे. तेथे नायकाला आरशाची ढाल मिळते. तिच्याने सूर्याचा कवडसा वळवून ठरावीक जागी पाडायचा आणि बंद दारे उघडायची. हा सराव झाला की दोन जुळ्या चेटकिणी समोर येतात. एक आगीचा झोत सोडते, दुसरी बर्फाचा. आगीचा झोत आगवालीवरच उलटवून काही होत नाही. तो बर्फवालीवर वळवावा लागतो आणि बर्फाचा आगवालीवर. म्हणजे येथे नुसते परतवणे पुरत नाही, दिशाही निवडावी लागते.

शेवटी मुख्य शत्रूशी गाठ पडते तेव्हा पुन्हा तेच टेनिस असते. नवे काहीच शिकवले जात नाही. शिकलेलेच कसोटीला लागते.

यात व्याख्या कुठेही आधी सांगितलेली नाही. सोप्या आणि सुरक्षित ठिकाणी कृती, मग तिच्यात एका वेळी एकाच नव्या गोष्टीची भर आणि अखेरीस सगळ्याचा एकत्र वापर, असा क्रम आहे. चुकले तर पुन्हा प्रयत्न करता येतो आणि नेमके कुठे चुकले हे त्याच क्षणी कळते. वर्गात मात्र मुलाची चूक त्याला कळते ती बहुधा आठवड्यानंतर, लाल शाईतून. खेळणारा मुलगा तासन्‌तास चिकाटी धरतो आणि तोच मुलगा गणिताच्या वहीपुढे बसला की दहा मिनिटांत हार मानतो, याचे कारण केवळ मुलाच्या चंचलपणात शोधून भागणार नाही.

थोडे विज्ञान, थोडे गणित

पडद्यावर हे परतवणे घडते तरी कसे? साधारण पद्धत अशी. संगणकाच्या स्मृतीत गोळ्याचे स्थान, त्याचा वेग, दिशा आणि तो कोणाचा आहे याची खूण एवढी माहिती असते. दर सेकंदाला अनेक वेळा संगणक तपासतो की गोळ्याची चौकट आणि तलवारीची चौकट एकमेकींवर येतात का. येत असतील, तर तो गोळ्याच्या वेगाचे चिन्ह बदलतो, अधिकचे उणे करतो. आणि खूण बदलतो. आता गोळा नायकाचा झाला. सदिश राशीला उणे एकने गुणणे म्हणजे काय, हे अकरावीच्या विद्यार्थ्याला याहून चांगल्या उदाहरणाने सांगता येईल का?

दुसरे उदाहरण प्रकाशाचे. अगानिमचा गोळा परतवला की तो आल्या वाटेनेच माघारी जातो. साधा आरसा असे करत नाही. तिरपा आलेला किरण तो दुसऱ्या बाजूला तिरपा पाठवतो. पण तीन आरसे एकमेकांशी काटकोनात जोडले, तर त्या कोपऱ्यात शिरलेला किरण कोणत्याही दिशेने येवो, आलेल्या दिशेला समांतर परत जातो. सायकलच्या मागे बसवलेली लाल चकती याच तत्त्वावर चमकते. जुलै 1969 मध्ये अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी अशा 100 कोपऱ्यांची पेटी चंद्रावर ठेवली. पृथ्वीवरून सोडलेली लेझरची चमक तिच्यावरून परत येते. चंद्राचे सरासरी अंतर 3,84,000 कि.मी. आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला 3,00,000 कि.मी. धरला, तर जाऊन येण्यास सुमारे 2.56 सेकंद लागतात. या वेळेच्या मोजणीवरून चंद्राचे अंतर अतिशय अचूक कळते. वर्गात दोन छोटे आरसे काटकोनात उभे करून टॉर्चच्या बारीक झोताने हा प्रयोग सहज करता येईल.

तिसरे उदाहरण गणिताचे. समजा, गोळ्याला समोर पोहोचायला प्रथम 1.5 सेकंद लागतात आणि दर टोल्याला त्याचा वेग सव्वापट होतो. मग लागणारा वेळ असा घटत जाईल: 1.5, 1.2, 0.96, 0.77, 0.61, 0.49, 0.39, 0.31, 0.25, 0.20. ही भूमिती श्रेढी झाली. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला सुमारे 0.2 सेकंद लागतात. म्हणजे नऊ टोल्यांनंतर डोळ्यांवर विसंबणारा खेळाडू हरणारच. त्यापुढे टिकतो तो लय पकडणारा. पट्टी वरून सोडून बोटांच्या चिमटीत पकडण्याचा नेहमीचा प्रयोग करून मुले आपापला प्रतिक्रियाकाल मोजू शकतील आणि आपण कितव्या टोल्याला हरू, हे आधीच सांगू शकतील.

शेवटचा टोला

या युक्तीला अजूनही म्हातारपण आलेले नाही. 2017 सालच्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या खेळात अजस्र यंत्रे किरणांचा मारा करतात. नवखा खेळाडू पळत सुटतो. कसलेला खेळाडू जागीच उभा राहतो आणि नेमक्या क्षणी ढाल पुढे करून किरण उलटवतो. आणि ढाल म्हणून त्याच्या हातात काय असले तरी चालते? स्वयंपाकघरातील भांड्यावरचे झाकणसुद्धा!

मुले अशा खेळांत किती वेळ घालवतात, याची काळजी आपल्याला वाटते आणि ती खोटी नाही. मैदानावरच्या चेंडूची सर पडद्यावरच्या ठिपक्याला येणार नाही. पण काळजीच्या भरात एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटू नये. अंगावर येणाऱ्या गोष्टीपासून पळण्याऐवजी तिच्याकडे टक लावून पाहायचे, तिची लय ओळखायची आणि क्षण साधायचा, हे त्या मुलाने स्वतः, अनेकदा हरून शिकलेले असते.

क्षेपणास्त्राच्या मार्गाचे गणित हातात असताना हिगिनबोथम यांनी त्यातून दोन माणसांमध्ये ये-जा करणारा चेंडू घडवला. मधल्या सुट्टीनंतर मुले तेच शिकलेले एकमेकांना सांगत असतात आणि आपण आत शिरताच गप्प होतात. पुढच्या वेळी एक करून पाहावे. खडू हातात घेण्याआधी विचारावे, "तो गोळा परत जाताना कोणत्या कोनात जातो रे?"